एकशे एकतिसावी चूक

“पुसून टाका,” कुवाबारा म्हणाले.

चिगुसा ओनुमाने खुर्ची वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पडद्यावर चार लढाऊ विमानं हवेत थबकली होती आणि प्रत्येकाच्या पंखातून दोन-दोन तारा निघून सरळ वर गेल्या होत्या.

“सगळ्या तारा?”

“सगळ्या.”

“नक्की ना? आमच्याकडे पत्रं आलीत हो, कुवाबारासान. लोक म्हणतात, तारांना हात लावाल तर खबरदार. त्या तारांतच तर मजा आहे.”

“त्यांना मजा. त्या लपवायला आम्ही आठ जण चार दिवस शिडीवर होतो. मागचं आकाश ज्या रंगाचं, त्याच रंगानं तार रंगवायची. दिवा जरा सरकला की आकाशाचा रंग बदलायचा. की पुन्हा चढा, पुन्हा रंगवा. एवढं करूनही मेल्या दिसल्याच. आता तुमच्याकडे पुसायचं यंत्र आहे म्हणता, तर साठ वर्षांनी का होईना, आमचं काम पुरं करा.”

चिगुसाने यादीत खूण केली. यादीत दोनशे बारा चुका होत्या. ‘शिओगोन’ हा समुद्रातल्या राक्षसाचा सिनेमा आला १९६४ साली. त्याची स्वच्छ केलेली नवी प्रत शरद ऋतूत पुन्हा थिएटरात लागणार होती. काय पुसायचं आणि काय ठेवायचं हे त्या काळच्या कुणीतरी सांगावं, असं स्टुडिओने ठरवलं होतं. शोध घेतला तेव्हा त्या काळचे एकटे तोकुजी कुवाबाराच उरले होते. वय चौऱ्याऐंशी. त्या सिनेमातला समुद्र त्यांनी केला होता. संध्याकाळी पाचपर्यंत यादी विभागप्रमुखांच्या टेबलावर जायची होती.

पुढची चूक आली. शिओगोन बंदरावर उभा होता. पाठ शेवाळलेल्या खडकासारखी, ओठांवर मांगूर माशासारख्या मिशा. तो वळला तेव्हा पाठीवरची एक पट्टी उचकटून आतली चेन चकाकली.

“ही पुसा.”

“लहानपणी मी इथे खूप हसले होते,” चिगुसा म्हणाली.

“आणि घाबरला कुठे होतात?”

ती जरा लाजली. “तो यायच्या आधी. नुसता समुद्र दिसतो ना वरून, आणि काहीच होत नाही. तिथे मी बाबांच्या कोटात तोंड खुपसलं होतं.”

कुवाबारांनी नुसती मान हलवली, पण खुर्चीत ते बोटभर उंच झाले.

मग लाटांची पाळी आली. शिओगोन शेपटी आपटतो, पाणी उसळतं, आणि जहाजावर पडणारा एकेक थेंब नारळाएवढा दिसतो. चिगुसाने यादीत अशा सेहेचाळीस जागा लिहिल्या होत्या.

“हे थेंब बारीक करता येतात. यंत्र करतं.”

“नको. राहू द्या.”

“पण हीच तर सगळ्यात ढोबळ चूक आहे. कुणालाही कळतं की जहाज खेळण्यातलं आहे म्हणून.”

“मुली, इकडे बघ.” पंचाहत्तरीनंतर त्यांना कुणाही तरुणीला ‘मुली’ म्हणायची मुभा मिळाली होती, आणि शिकवायची वेळ आली की ते ती वापरत. त्यांनी समोरच्या कपातल्या चहात बोट बुडवून टेबलावर झटकलं. “जहाज लहान करता येतं. घर लहान करता येतं, डोंगर करता येतो. पाण्याला मात्र लहान होता येत नाही. थेंब म्हणजे थेंब. आम्ही काय काय करून पाहिलं. पाण्यात साबण घातला, कॅमेरा चौपट वेगानं फिरवला. त्यानं लाटेला वजन आलं, पण थेंब काही ऐकेना. तारा दिसल्या, ती आमची चूक. थेंब मोठे दिसले, ती आमची हद्द. चूक पुसावी. हद्द का पुसायची? आम्ही कुठवर गेलो होतो, ते तीच सांगते.”

चिगुसाने टेबलावरचे थेंब पाहिले. मग सेहेचाळीस जागांपुढे एकच लांब कंस काढून ‘तसेच’ असं लिहिलं.

काम पुढे सरकलं. आगबोटीवरचे खलाशी हलत नाहीत. राहू द्या, शिशाचेच होते. दीपस्तंभावर रंगाऱ्याची सावली पडली आहे. पुसा, मीच ओरडलो होतो त्याला. असं करत दुपार झाली आणि एकशे एकतीस क्रमांक आला.

पडद्यावर वरून पाहिलेला समुद्र होता. गडद, हिरवट निळा, आणि त्यावर बारीक सुरकुत्यांच्या लाटा. त्यांत मधोमध एक चिमुकलं जहाज मागे पांढरी रेघ ओढत चाललं होतं. खाली डाव्या कोपऱ्यात, लाटांच्या चालीशी न जुळणारा एक उथळ खळगा होता आणि त्याच्यापुढे पाच लांबट खुणा.

“हा डाग काय आहे, आम्हाला कुणालाच कळलं नाही,” चिगुसा म्हणाली. “तीन सेकंद दिसतो. इंटरनेटवर लोक भांडतात यावरून. काही म्हणतात, खडक आहे. काही म्हणतात, ते शिओगोनच्या आईचं पाऊल.”

कुवाबारा हसले नाहीत. तारांना आणि चेनला त्यांनी पटकन ‘पुसा’ म्हटलं होतं. आता ते चष्मा काढून पुसत बसले.

“हात आहे तो,” शेवटी ते म्हणाले. “इसोगाईचा.”

मात्सुओ इसोगाई शिओगोनच्या आत असे. रबर आणि स्पंजाचं ते कातडं पाण्यात भिजलं की नव्वद किलो भरायचं. त्यात तो दिवसाला दहा-दहा तास उभा राहायचा. बाहेर आला की त्याचा बनियन पिळून वाडगाभर घाम निघे. सिनेमाच्या नामावळीत बारा नावांच्या गर्दीत त्याचं नाव दोन सेकंद येतं. चेहरा कुठेच नाही.

आणि तो समुद्र पाण्याचा नव्हता. पाणी लहान होत नाही म्हणून वरून दिसणारा समुद्र करायचा कशाचा, असा पेच पडला होता. तेव्हा चोवीस वर्षांचा पोऱ्या कुवाबारा म्हणाला होता, कानतेनचा करू. कानतेन म्हणजे आपल्याकडे घरोघरी दुधात शिजवतात ते चायना ग्रास. शिनशूच्या डोंगरात त्याच्या घरी ते तीन पिढ्यांपासून व्हायचं. समुद्री शेवाळ उकळायचं, त्याच्या वड्या पाडायच्या आणि ऐन हिवाळ्यात शेतात मांडायच्या. रात्री त्या गोठत, दिवसा उन्हात गळत, आणि शेवटी हलक्याफूल काड्या उरत. ‘शेवाळ समुद्रातून आलंय, त्याचा समुद्र होईलच,’ असं तो म्हणाला, आणि सगळे हसले. त्याने बारा किलो कानतेन शिजवून रंगवलं, सहा मीटर लांबीच्या लाकडी परातीत ओतलं, आणि ते धरत असताना भात वाढायच्या लाकडी चमच्याने एकेक लाट उमटवली. मग कुणी हसलं नाही.

“ते धरायला चौदा तास लागले,” कुवाबारा सांगू लागले. “आणि दिव्यांखाली त्याला पाणी सुटतं, कडा आक्रसतात. म्हणजे एकदाच काय ते चित्रण. सगळी तयारी झाली. इसोचं पुढचं दृश्य शेजारच्या तळ्यात होतं. अंगात कातडं, पण डोकं आणि पंजे काढलेले, असा तो परातीजवळून चालला होता. शेपूट कशात तरी अडकली. अंगावर नव्वद किलो घेतलेला माणूस समुद्रावर पडणार. पण त्यानं एका हातावर सगळं तोललं. उघड्या हातावर. समुद्र वाचला, हा कोपरा तेवढा गेला.”

“मग?”

“गरम चमच्यानं जमेल तेवढं बुजवलं. तेवढ्यात दिग्दर्शक साहेबांनी विचारलं, समुद्र तयार? मी म्हटलं, तयार.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “तेवढं एकच खोटं बोललो त्या जागेत.”

“साहेबांना कळलं नाही?”

“कळलं असणार. बोलले नाहीत. इसो मात्र विसरला नाही. दर नवीन वर्षाला त्याचं कार्ड यायचं. शुभेच्छा वगैरे नाही, एकच ओळ: ‘समुद्र बुजला का?’ मी उलट लिहायचो, ‘अजून नाही.’ पस्तीस वर्षं चाललं हे.”

चिगुसा पडद्याकडे पाहत राहिली. एकदा कळल्यावर तिथे हाताशिवाय दुसरं काही दिसेना. अंगठा जरा बाहेर होता.

“मग ठेवायचा ना हा?” ती हळू आवाजात म्हणाली. “विभागप्रमुख म्हणत होते, डाग निघाला नाही तर तो सबंध समुद्रच बदलू, संगणकावर तयार आहे. पण तुम्ही ठेवा म्हणालात तर ठेवतील. तसं ठरलंय.”

प्रश्न सोपा होता आणि उत्तर कुवाबारांच्या जिभेवर होतं. ठेवा. हा सिनेमा कुठेही लागला की ते जाऊन बसत. शाळेच्या हॉलमध्ये, वाचनालयात, कुठेही. तीन सेकंद त्या कोपऱ्याकडे पाहून येत. घरी फोटो होते, पण फोटोत इसो नुसता उभा असे. इथे तो काहीतरी वाचवत होता.

पण सकाळीच त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, चूक पुसावी. आणि ही हद्द नव्हती, ही चूक होती. सगळ्या यादीत याहून सरळ चूक दुसरी नव्हती.

“एक फोन करू का?” त्यांनी विचारलं. आपल्याला कोणतं उत्तर ऐकायचं आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

इसोगाईच्या पत्नी हिसानो तासाभरात आल्या. तोवर यादीतल्या पुढच्या चुका उरकल्या होत्या, शेवटचं रीळ तेवढं उरलं होतं. वय शहाऐंशी, पाठ ताठ. हातात कापडात बांधलेला डबा. इसोगाई जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

“तोकुसान, कानाचं यंत्र लावत जा हो. फोनवर तीनदा सांगितलं, येते म्हणून, तरी हे हॅलो-हॅलोच,” दारातूनच त्या म्हणाल्या. मग चिगुसाकडे वळून वाकल्या. “त्रास देतो तुम्हाला आम्ही म्हातारी माणसं. मिझु-योकान आणलंय. लाल चवळीचं. कानतेन यांच्याच गावचं आहे, त्यामुळे धरलं नसेल तर यांना बोला.”

योकान, ते कानतेनमधलं गोड पक्वान्न, धरलं होतं. तिघांनी ते बांबूच्या काड्यांनी खाल्लं. मग चिगुसाने दिवा मंद केला आणि समुद्र दाखवला.

हिसानो उठून पडद्यापाशी गेल्या. मग आपला उजवा हात उचलून त्या खळग्यासमोर धरला, काच न शिवता.

“अंगठा बघा कसा बाहेर पडलाय,” त्या म्हणाल्या. “हातमोजे कधी नीट बसले नाहीत त्यांना. अस्सा अडायचा.”

“ठेवायचा का, वहिनी?” कुवाबारांनी विचारलं.

“का म्हणून?”

“का म्हणजे... तेवढाच तो आहे या सिनेमात. बाकी सगळं रबर.”

हिसानो वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

“तोकुसान, तुम्ही साठ वर्षं सिनेमा बघताय आणि नुसता कोपराच बघताय. अहो बाई, तो बंदरात वर येतो ते दाखवता का जरा?”

चिगुसाने ते दृश्य काढलं. पाणी फुगलं. आधी पाठीचे काटे आले, मग खांदे. शिओगोन उथळ पाण्यात आला, एक हात धक्क्यावर टेकवला, आणि उभं राहता राहता अर्ध्यात थांबला. क्षणभर तसाच वाकून राहिला. मग पाय फाकवून, शेपटीचा भार मागे टाकत सावकाश सरळ झाला. हा क्षण सगळ्यांच्या लक्षात राहिलेला होता. समुद्रात ज्याला काहीच जड नव्हतं, अशा प्राण्याला आपलं वजन इथे पहिल्यांदा कळतं. पोरं इथे हसायची थांबतात.

“हे कुठून आलं, माहितीय?” हिसानोंनी विचारलं.

“कासवं बघायला जायचा तो मत्स्यालयात. सगळ्यांना सांगायचा.”

“सगळ्यांना तेच सांगायचे. त्या वर्षी थोरल्याच्या वेळेला मला आठवा महिना होता. घरातली नहाणीची कुंडी खोल. गरम पाण्यात बसलं की काही वाटायचं नाही, बाहेर निघताना मात्र सगळा भार एकदम अंगावर यायचा. मी काठावर हात टेकून अर्ध्यात थांबायची. हे दारात टॉवेल घेऊन उभे. मला वाटलं, काळजीनं बघताहेत. चार दिवसांनी म्हणतात कसे, ‘हिसानो, उद्या परत एकदा निघून दाखव, पाऊल नीट दिसलं नाही.’”

चिगुसाने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून फुटलंच. कुवाबारा पडद्याकडे पाहत राहिले. साठ वर्षं डोळ्यांसमोर असलेला तो राक्षस त्यांना आता कुठे ओळखू येत होता.

“तेव्हा मी चिडले होते,” हिसानो म्हणाल्या. “मग सिनेमा लागला. पोराला पाठीशी बांधून गेले. सबंध थिएटर गप्प झालं आणि मला कळलं, ही मीच. आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय, तुमच्या राक्षसाची चाल माझी म्हणून? शेजारणींनी सोडलं असतं मला?”

“मग हात तर ठेवायलाच हवा,” कुवाबारा म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता. “दोघंही राहाल.”

“नाही, तोकुसान.” त्या शांतपणे बसल्या. “ते म्हणायचे, आत माणूस आहे असं पोराला एकदा दिसलं की राक्षस मेला. ताप असताना उभे राहिले, पाय भाजला तरी उभे राहिले, कशासाठी? दिसू नये म्हणून. आणि दर वर्षी तुम्हाला विचारत होते ते. थट्टा वाटली तुम्हाला?”

“थट्टाच होती.”

“अर्धी. कार्ड टाकून आले की विचारायचे, तोकुनं माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतं, नाही का गं?”

कुवाबारांनी काडी योकानच्या रिकाम्या पानावर आडवी ठेवली, मग उभी, मग पुन्हा आडवी.

“काढू या,” ते म्हणाले.

“मी या चौकटीचा एक फोटो छापून देऊ का तुम्हाला?” चिगुसाने हिसानोंना विचारलं. “काढायच्या आधी.”

“कशाला, बाई? हात माझ्या घरी होता की एकोणचाळीस वर्षं.”

चिगुसाने शेजारच्या लाटा उचलून खळग्यावर बसवल्या. खळगा गेला, पण तिथे ठिगळ दिसू लागलं.

“असं नाही,” कुवाबारा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून तिच्या शेजारी बसले. “तीन लाटा सारख्या आल्या की माणसाला कळतं, हे कुणीतरी केलंय. वारा कुठून आहे? वर, उजवीकडून. मग इथे एक लांब घ्या. तिच्या पोटात दोन आखूड. नाही, इतक्या जवळ नाही, श्वास घेऊ द्या तिला. आता ही मोडा. अर्ध्यातच मोडा, पुरी करू नका. पुरी लाट फक्त चित्रात असते.”

त्यांचा उजवा हात टेबलावर हलत होता, मूठ अर्धी मिटलेली, जणू तिच्यात लाकडी चमचा होता. चिगुसा त्या हाताकडे बघायची आणि तसं पडद्यावर करायची. एक लाट तीनदा पुसली. चौथ्यांदा ते नुसतं “हं” म्हणाले. हिसानो मागे बसून पाहत होत्या. “डावीकडची जरा घाईत आहे,” असं त्या एकदा म्हणाल्या, आणि ती खरंच घाईत होती.

साडेचारला चिगुसाने ते तीन सेकंद चालवून दाखवले. जहाज गेलं. कोपऱ्यात समुद्र होता. पुन्हा दाखवले. समुद्रच होता.

कुवाबारांनी खिशातून पेन काढलं, यादी आपल्याकडे ओढली, आणि एकशे एकतीस क्रमांकापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘बुजला’. तारीख घातली.

“शेवटच्या रिळात काही आहे का?” त्यांनी विचारलं.

“फक्त थेंब. ते तुम्ही ठेवलेत.”

“तरी लावा. वहिनींना बघू दे.”

शेवटच्या रिळात जखमी शिओगोन शहराकडे पाठ फिरवतो. तोफा थांबलेल्या असतात. तो पाण्यात उतरत जातो, आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि पाणी जसं चढतं तशी त्याची चाल हलकी होत जाते. पाठीला आता चेन नव्हती. आभाळात तार नव्हती. हिसानोंनी मांडीवर हात जुळवले आणि ताठ पाठीनेच जरा पुढे वाकल्या, नवरा कामावर निघताना रोज सकाळी सव्वासहाला दारात वाकायच्या तशा.

“या जाऊन,” त्या म्हणाल्या.

काटे पाण्याखाली गेले. शेवटी शेपटी एकदा आपटली आणि थेंब उडाले, नारळाएवढे, आणि सावकाश समुद्रावर पडत राहिले.